रेड बुलने नेमकं काय विकलं? नवं पेय काढणाऱ्या तिघांना सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: 'आम्ही तिघे मित्र सांगलीजवळ एक कॅफिनयुक्त पेय काढतो आहोत. फॉर्म्युला तयार आहे, नावही ठरलंय. रेड बुल एवढा मोठा कसा झाला, त्यांचं मार्केटिंग काय होतं, आणि आमच्या खिशाला झेपेल असं त्यातलं काय घेता येईल?'

शीतपेयांचं वितरण आणि ब्रँड उभारणी या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. रेड बुलचा विषय निघाला की बोलणं लगेच फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती आणि फेलिक्स बाउमगार्टनरने आकाशातून मारलेल्या उडीकडे जातं. पण ती उडी २०१२ची आणि युरोपातला पहिला डबा १९८७चा. मधल्या पंचवीस वर्षांपैकी पहिल्या दहा वर्षांत जे घडलं, ते तुमच्या कामाचं आहे. म्हणून मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

सुरुवात ऑस्ट्रियाच्याही आधीची आहे. जपानमध्ये ताइशो या औषध कंपनीने १९६२ साली लिपोव्हिटान-डी नावाचं टॉनिक आणलं. छोटी बाटली, त्यात टॉरिन (अमिनो आम्लासारखा एक घटक) आणि ब जीवनसत्त्वं, उद्देश थकवा घालवणं. अशी टॉनिकं पुढे आशियाभर पसरली. थायलंडमध्ये चालेओ यूविध्या नावाचा माणूस औषधांच्या धंद्यात होता. गरीब चिनी स्थलांतरित घरातला, पिचित प्रांतात वाढलेला. आधी औषधं विकली, मग बँकॉकमध्ये स्वतःची औषध कंपनी काढली. १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्याने थाई जिभेला रुचेल असं गोड, बिनफेसाचं टॉनिक बाजारात आणलं. त्याचं नाव क्रेटिंग डेंग. बाटलीवर समोरासमोर झुंजणारे दोन लाल गवे, आपल्या राधानगरीच्या जंगलात फिरतात त्याच जातीचे.

हे पेय कोणासाठी होतं ते नीट लक्षात घ्या. रात्रभर ट्रक हाकणारे चालक, बांधकामावरचे मजूर, दोन पाळ्या करणारे कामगार. किंमत त्यांना परवडेल अशी, विक्री त्यांच्या वाटेवरच्या दुकानांतून, प्रसिद्धी थाई बॉक्सिंगच्या आखाड्यातून. अंगमेहनतीच्या माणसाचं पेय म्हणून ते देशभर रुजलं.

दिएत्रिश मातेशित्झ हा ऑस्ट्रियन माणूस तेव्हा ब्लेंडॅक्स या जर्मन टूथपेस्ट कंपनीचं आंतरराष्ट्रीय मार्केटिंग पाहायचा. कामानिमित्त आशियात सारखी ये-जा असे. १९८२च्या सुमारास थायलंडमध्ये त्याने हे टॉनिक प्यायलं आणि लांबच्या विमान प्रवासाचा शीण उतरल्याचं त्याला जाणवलं. चालेओची कंपनी ब्लेंडॅक्सची तिथली भागीदार होती, त्यामुळे ओळख निघाली. १९८४ साली दोघांनी प्रत्येकी पाच लाख डॉलर घालून कंपनी काढली. दोघांचा वाटा ४९-४९ टक्के, उरलेले २ टक्के चालेओच्या मुलाकडे. युरोपातला कारभार मातेशित्झने चालवायचा, असं ठरलं.

त्यानंतरची तीन वर्षं एकही डबा विकला गेला नाही. सरकारी परवानगी, चवीतले बदल, डब्याची रचना, जाहिरातीची ओळ यांतच ती गेली. चवीत फेस आला आणि गोडी कमी झाली. बाटलीऐवजी २५० मिलीचा उभट, निळा-चंदेरी डबा आला. जाहिरातीचं काम योहानेस कास्टनर या मित्राकडे होतं. त्याने दिलेल्या कल्पना मातेशित्झ एकामागून एक नाकारत गेला. शेवटी 'रेड बुल पंख देतो' या अर्थाची जर्मन ओळ आली, आणि ती आजही चालू आहे. बाजारात आणण्याआधी घेतलेली चाचणी वाईट गेली होती. लोकांना चव आवडली नाही, रंगही रुचला नाही. तरीही १ एप्रिल १९८७ रोजी ऑस्ट्रियात विक्री सुरू झाली.

आता मुद्द्याचं. डब्यातला माल मूळ थाई पेयापासून फार लांब गेलेला नव्हता: टॉरिन, कॅफिन, ब जीवनसत्त्वं, साखर. बदलला तो पिणारा, पिण्याची वेळ आणि पिण्याची जागा. बँकॉकच्या ट्रकचालकाचं पेय आल्प्सच्या बर्फावर घसरणाऱ्या तरुणाच्या हातात गेलं, पहाटेपर्यंत चालणाऱ्या डिस्कोत गेलं, परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलावर गेलं. रेड बुलने सर्वांत आधी प्रसंग विकला. 'तहान लागली की प्या' असं त्यांनी कधीच म्हटलं नाही, कारण तहानेच्या बाजारात कोका-कोला आणि पेप्सी बसले होते. दमलात, जागायचंय, लक्ष हवंय, तर प्या. ही वेगळी गरज होती आणि युरोपात त्या गरजेच्या नावाने थंड डबा विकणारं तेव्हा जवळपास कोणी नव्हतं.

किंमतही याच विचारातून आली. डबा कोलापेक्षा लहान आणि भाव कितीतरी जास्त. आपल्याकडचे डिस्ट्रिब्युटर हे ऐकून नाराज होतात, पण तर्क सरळ आहे. कोलाच्या रांगेत ठेवून थोडा महाग ठेवला असता, तर गिऱ्हाइकाने मिलीचा हिशोब केला असता. भाव एकदम वरचा ठेवल्यावर तुलनाच तुटली. शिवाय त्या भावात दुकानदाराला एका डब्यामागे मिळणारं मार्जिन असं होतं की फ्रीजमध्ये समोरची जागा द्यायला तो स्वतः तयार व्हायचा. तुमच्या धंद्यात हा भाग जाहिरातीपेक्षा महत्त्वाचा ठरेल.

शिस्तीचा दुसरा भाग वितरणाचा. कंपनीने डबे भरण्याचा स्वतःचा कारखाना काढला नाही. ते काम ऑस्ट्रियातल्या राउख या फळरसाच्या कंपनीकडे दिलं आणि स्वतः मार्केटिंगवर लक्ष ठेवलं. नव्या देशात जाताना मोठ्या सुपरमार्केटपासून सुरुवात करायची नाही, असा नेम होता. आधी एक शहर निवडायचं. त्या शहरात तरुण जिथे जमतात असे बार, क्लब, महाविद्यालयांचे परिसर, जिम, पेट्रोल पंप निवडायचे. तिथे स्वतःच्या नावाचे छोटे कूलर ठेवायचे. डोक्यावर मोठा डबा बसवलेल्या छोट्या गाड्यांतून मुलं-मुली फिरायची आणि दमलेला माणूस दिसला की त्याच्या हातात उघडलेला, थंडगार डबा द्यायची. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयाबाहेर, लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या थांब्यावर, रात्रपाळी सुटताना. महाविद्यालयांत काही विद्यार्थ्यांनाच ब्रँडचे प्रतिनिधी नेमायचे. कोणत्या पार्टीत, कोणत्या स्पर्धेत डबा पोचवायचा ते हे विद्यार्थी ठरवायचे.

सॅम्पलिंग आपल्याकडेही सगळे करतात. मॉलच्या दारात टेबल टाकायचं, प्लास्टिकच्या इवल्या कपात कोमट पेय ओतायचं आणि संध्याकाळी 'पाच हजार लोकांनी चाखलं' असा रिपोर्ट पाठवायचा. त्या पाच हजारांतल्या कितीजणांना त्या क्षणी त्या पेयाची गरज होती? चुकीच्या वेळी दिलेलं फुकट पेय ब्रँडचं नुकसान करतं, कारण माणसाच्या मनात फक्त चव राहते, आणि रेड बुलची चव तर चाचणीतच नापास झाली होती. गरजेच्या क्षणी पूर्ण डबा दिला तर चवीबरोबर परिणामही लक्षात राहतो.

जर्मनीत या पेयाला १९९४पर्यंत परवानगी नव्हती. शेजारी ऑस्ट्रियात ते उघड मिळत होतं, त्यामुळे सीमेपलीकडून गाड्यांत भरून डबे म्युनिककडे जायचे. टॉरिन हा पदार्थ पहिल्यांदा १८२७ साली बैलाच्या पित्तातून वेगळा केला गेला होता. एवढ्या धाग्यावर, डब्यात बैलाच्या अवयवांचा अर्क असतो अशा अफवा उठल्या. पेयातलं टॉरिन कृत्रिमरीत्या बनवलेलं असतं. कंपनीने खुलासा दिला, पण या गूढतेचा तिला फायदाच झाला. बंदी आणि अफवा यांनी तरुणांत जे कुतूहल पेटवलं, ते पैसे देऊन विकत मिळालं नसतं. फ्रान्समध्ये तर २००८पर्यंत मूळ रूपातलं पेय विकता येत नव्हतं.

ब्रिटनची गोष्ट मी नवीन माणसांना नेहमी सांगतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या चमूला वाटलं की ब्रिटिश बाजार वेगळा आहे, लुकोझेड तिथे जुनं आणि घट्ट बसलेलं आहे, तेव्हा आपणही खेळाडूंचं पेय म्हणून उतरू. घोषवाक्य बदललं, मोठी होर्डिंगं लावली, क्लब सोडून मोठ्या दुकानांतून सुरुवात केली. विक्री उठली नाही, पैसा मात्र बुडाला. मग माणसं बदलली, जुनी ओळ परत आणली, क्लब आणि विद्यार्थ्यांपासून पुन्हा सुरुवात केली, आणि त्यानंतर तोच बाजार कंपनीच्या मोठ्या बाजारांपैकी एक झाला. पेय तेच, देश तोच. १९९७ साली अमेरिकेत उतरताना त्यांनी ही चूक केली नाही. कॅलिफोर्नियापासून एकेक शहर घेत गेले.

खेळांकडे पैसा जायला लागला तो ओघानेच. ऑस्ट्रियन रेसिंग ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर हा त्यांच्या सुरुवातीच्या चेहऱ्यांपैकी. १९९२ साली व्हिएन्नात पहिला 'फ्लुगटाग' झाला: लोकांनी घरी बनवलेली विचित्र विमानं घेऊन धक्क्यावरून पाण्यात उडी मारायची. नेहमीच्या प्रायोजकापेक्षा हा मार्ग वेगळा होता. दुसऱ्याच्या स्पर्धेवर नाव चिकटवण्याऐवजी स्पर्धाच स्वतःची काढायची. फॉर्म्युला वनमध्ये आधी झाउबर संघाला पैसे दिले, मग २००४च्या शेवटी फोर्डकडून जग्वार संघ विकत घेतला. त्या संघाने सेबास्टियन फेटलसह २०१० ते २०१३ सलग चार जगज्जेतेपदं मिळवली, आणि पुढे मॅक्स फर्स्टापेनने २०२१ ते २०२४ अशी आणखी चार. १२ मार्च २०२३ रोजी मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर माजी ड्रायव्हर डेव्हिड कूल्टहार्डने याच संघाची गाडी चालवली तेव्हा समुद्राकाठी गर्दी लोटली होती. शर्यत नव्हती. ज्यांनी टीव्हीवरही ही गाडी नीट पाहिली नव्हती अशा लोकांनी तिचा आवाज कानांनी ऐकला आणि शेकडो मोबाइलवर तो साठवला गेला.

२००७ साली कंपनीने स्वतःचं मीडिया हाउस काढलं. चित्रफिती, मासिक, टीव्ही वाहिनी, सगळं घरचं. त्याचं सर्वांत मोठं फळ म्हणजे १४ ऑक्टोबर २०१२. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या आकाशात सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून फेलिक्स बाउमगार्टनरने उडी मारली, ताशी १,३५७ किलोमीटरचा वेग गाठला आणि कोणत्याही यंत्राविना, नुसत्या पडण्याने ध्वनीचा वेग ओलांडला. यूट्यूबवर ऐंशी लाखांहून जास्त लोक ते एकाच वेळी थेट पाहत होते. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०१४मध्ये, गूगलचे अधिकारी ॲलन युस्टेस यांनी त्याहून उंच, ४१ किलोमीटरच्या वरून उडी मारून उंचीचा विक्रम मोडला. गाजावाजा न करता, कोणत्याही ब्रँडविना. आज दहा माणसांना विचारलंत तर युस्टेस यांचं नाव क्वचित एखाद्याला येईल. विज्ञान आणि धाडस दोन्हीकडे होतं. रेड बुलने बाउमगार्टनरच्या उडीभोवती काही वर्षं गोष्ट विणली: तयारी, चाचण्या, वाऱ्यामुळे रद्द झालेलं उड्डाण, १९६०चा विक्रम करणारे वृद्ध जो किटिंगर कानात सूचना देत असलेले. लोक उडीच्या आधीच त्या माणसात गुंतले होते.

या मार्केटिंगची काळी बाजूही सांगायलाच हवी. २००९ साली झुरिकमध्ये एका नामवंत स्विस उडीपटूचा, कंपनीने पुरस्कृत केलेल्या उडीनंतर, मृत्यू झाला. धोका हाच ब्रँडचा चेहरा केला की त्याची किंमत कोणीतरी शरीराने मोजतो, आणि मला हे कधीच पचलेलं नाही. फुटबॉलमध्येही २००५ साली साल्झबर्गचा जुना क्लब घेऊन त्याचे जांभळे-पांढरे रंग पुसले, तेव्हा चाहत्यांनी वेगळं होऊन स्वतःचा क्लब काढला. पैशाने संघ मिळतो, पण त्यामागची पिढ्यांची माया मिळेलच असं नाही.

२०१४च्या अमेरिकेतल्या तडजोडीबद्दल चुकीची गोष्ट फिरते, की 'पंख फुटले नाहीत म्हणून' कंपनीने पैसे दिले. तक्रार वेगळी होती: साध्या कॉफीपेक्षा जास्त कार्यक्षमता मिळते असं सुचवणाऱ्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. कंपनीने चूक मान्य न करता १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. काव्यात्म ओळ कोणी अडवत नाही, अडवतात ते मोजता येणारे दावे. आपल्याकडेही खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८चे स्वतंत्र नियम आहेत, ते वाचल्याशिवाय 'एकाग्रता वाढवतं', 'ताकद देतं' असं काही छापू नका.

मातेशित्झ ऑक्टोबर २०२२मध्ये वारला, चालेओ त्याआधी २०१२मध्ये. २०२३ साली कंपनीने जगभर १,२०० कोटींहून जास्त डबे विकले.

आता तुमच्याकडे येतो. भारतात रेड बुलचा डबा सव्वाशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि तो शहरी बाजार आहे. तुमच्या भागात तुमचा खरा सामना पेप्सीकोच्या स्टिंगशी होईल, वीस रुपयांच्या त्या लाल बाटलीशी. ती पानटपरीपासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे पोचली आहे. म्हणजे भारतात हे पेय पुन्हा कष्टकऱ्याकडे आणि शाळकरी मुलाकडे आलं, स्वस्त होऊन. वीस रुपयांत तुम्ही त्यांना हरवू शकणार नाही. बाटलीचा खर्च, वाहतूक आणि मार्जिन वजा केल्यावर तुमच्या हातात काही उरणार नाही. एक जुना दाखला आहे: हेक्टर बेव्हरेजेसने २०११च्या सुमारास झिंगा नावाचं स्वस्त एनर्जी ड्रिंक पाउचमधून आणलं होतं. २०१५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कॅफिन आणि जिनसेंग (एक औषधी मुळी) एकत्र असलेल्या काही पेयांची परवानगी काढून घेतली, त्यात तेही होतं. त्या कंपनीला पेपर बोट नावाच्या पारंपरिक चवींच्या पेयांनी तारलं.

म्हणून फॉर्म्युल्याचं कौतुक बाजूला ठेवा आणि एक प्रसंग निवडा. कोण, किती वाजता, कुठे उभा राहून हे पिणार? हंगामात साखर कारखान्याच्या गेटसमोर रात्रभर रांगेत बसलेला ट्रॅक्टरचालक हा एक माणूस आहे. पुण्याच्या अभ्यासिकेत बसलेला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी हा दुसरा. पहाटे जिममध्ये जाणारा तिसरा. तिघांना एकाच बाटलीतून खूश करायला गेलात तर ब्रिटनमधला पहिला प्रयत्न तुम्ही पुन्हा कराल. चालकाच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहते: कॅफिन झोप पुढे ढकलतं, झोपेची भरपाई करत नाही. त्याला विकणार असाल तर हे त्याला सांगायची जबाबदारी तुमची आहे. मी तुमच्या जागी असतो तर अभ्यासिका निवडल्या असत्या. माणसं ठरलेल्या ठिकाणी बसतात, एकमेकांशी बोलतात, आणि पन्नास अभ्यासिकांत पन्नास छोटे कूलर ठेवणं तुमच्या आवाक्यात आहे. होर्डिंग, आयपीएलमधली जाहिरात, इन्फ्लुएन्सर हे पहिली दोन वर्षं विसरा. तो पैसा कूलरमध्ये आणि दर आठवड्याला माल फिरतोय का हे पाहणाऱ्या माणसाच्या पगारात घाला. वाटलंच तर अभ्यासिकांची एक वादविवाद किंवा प्रश्नमंजूषा स्पर्धा स्वतःच्या नावाने सुरू करा आणि ती दरवर्षी न चुकता घ्या. रेड बुलचं भारतातलं महाविद्यालयीन क्रिकेट याच जातीचं काम आहे.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे कॅफिनयुक्त पेयात लिटरला किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमच्या वर नाही. रेड बुलच्या बाहेरच्या देशांतल्या डब्यात ते ८० असतं, तेव्हा तिकडचं प्रमाण उतरवून घेऊ नका. मुलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, कॅफिन सोसत नाही अशी माणसं यांच्यासाठी इशारा लेबलवर हवाच, आणि दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको हेही. जुलै २०२४मध्ये विधान परिषदेत तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याचं सांगितलं होतं. आदेशाची वाट न बघता तुमच्या डिस्ट्रिब्युटरशी होणाऱ्या करारातच ते कलम टाका: शाळेजवळच्या दुकानात माल द्यायचा नाही, दिला तर स्कीम बंद. सॅम्पलिंगच्या मुलांना शाळेचा गणवेश दिसला की बाटली मागे घ्यायला शिकवा. आणि लेबल छापायला टाकण्याआधी दोन कामं उरका: मसुदा अन्नसुरक्षेचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराकडून तपासून घ्या, आणि पहिल्या तीन बॅचचं कॅफिन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मोजून घ्या. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर दोष बहुधा तुमच्या मिक्सिंग टाकीत आहे आणि तो निघेपर्यंत एकही पेटी बाहेर जाऊ देऊ नका.